फादर थॉमस स्टीफन्स, येशूसंघीय : स्वदेश सोडला, मराठी जोडली

मनुष्य आपला गांव सुखासुखीं सोडीत नाहीं. ज्या अंगणांत पहिलें पाऊल टाकिलें, ज्या विहिरीचें पाणी प्यालों, ज्या देवळाच्या घंटेवर उठलों-बसलों, तें सर्व मागें टाकून जो निघतो, त्याच्या पाठीशीं कांहीं तरी बळकट कारण उभें असतें. कोणास भूक बाहेर काढिते, कोणास कर्ज, कोणास राजाचा जुलूम, आणि कोणास आपली श्रद्धा. परंतु निघण्याचें कारण कोणतेंही असो, पोंचल्यावर सर्वांपुढें एकच प्रश्न उभा राहतो : या परक्या मुलखांत आपण पाहुणे म्हणून राहावें, धनी म्हणून राहावें, कीं घरचे होऊन राहावें?

बोनकोडे व आसपासच्या वस्तींत राहणाऱ्या आपणां ख्रिस्ती लोकांस हा प्रश्न नवा नाहीं. ठाण्याच्या खाडीकांठचा हा मूळचा आगरी-कोळी लोकांचा मुलूख. भातशेती, मिठागरें आणि मासेमारी यांवर तो पिढ्यान् पिढ्या पोसला. १९७० सालीं नव्या मुंबईची योजना निघाली, सिडकोची स्थापना झाली, शेतजमिनी गेल्या, इमारती उठल्या. आणि कोणी वसईहून, कोणी गोव्याहून, कोणी मंगळुराहून, केरळांतून वा तामिळनाडूंतून पोटामागें येथें आले. जे मूळचे येथलेच, त्यांनाही आपल्याच गांवांत नव्यानें राहावयास शिकावें लागलें. अशा ठिकाणच्या धर्मग्रामानें आपल्या ज्युबिलीच्या वर्षीं कोणाचें चरित्र आठवावें, असा विचार केला असतां एक नांव आपोआप पुढें येतें. ज्यांनीं श्रद्धेसाठीं स्वदेश सोडला, सहा महिन्यांहून अधिक समुद्रप्रवास करून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊल ठेविलें, येथल्या लोकांची भाषा आपली केली, तींत दहा हजारांवर ओंव्यांचें पुराण रचिलें, आणि येथल्याच मातींत देह ठेविला, ते फादर थॉमस स्टीफन्स. गोव्याचे लोक त्यांना पाद्री एस्तेवांव म्हणत.

इंग्लंडांतील दिवस

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशर परगण्यांतील बुश्टन या खेड्यांत झाला. वडिलांचें नांवही थॉमसच. ते लंडन शहरीं व्यापार करीत. घर खाऊनपिऊन सुखी होतें, आणि मुलाचें शिक्षण विंचेस्टरच्या नामांकित विद्यालयांत झालें. तेव्हां आपल्या चरित्रनायकास देश सोडावयास लावणारी गोष्ट दारिद्र्य नव्हती.

त्या काळीं इंग्लंडांत धर्माची मोठी उलथापालथ चालली होती. आठव्या हेन्री राजानें १५३४ सालीं रोमशीं संबंध तोडिला. त्याची कन्या मेरी राणी हिनें तो पुन्हा जोडिला. १५५८ सालीं एलिझाबेथ राणी गादीवर आली, आणि पुढच्याच वर्षीं पार्लमेंटानें कायदे करून तो पुन्हा तोडिला. मिस्सा बेकायदा ठरली. रविवारीं सरकारमान्य प्रार्थनेस जो हजर राहणार नाहीं, त्यास दर खेपेस बारा पेन्स दंड बसूं लागला. १५७० सालीं पोप पांचवे पायस यांनीं राणीस बहिष्कृत केलें, तेव्हांपासून कायदा अधिकच कठोर झाला. कॅथोलिक असणें आणि राजद्रोही असणें यांतील अंतर दिवसेंदिवस कमी होत गेलें. १५८१ सालीं तर दंडाची रक्कम महिन्यास वीस पौंडांवर गेली. एवढा पैसा सामान्य कुटुंब वर्षांतही मिळवीत नसे. ज्यांस धर्मगुरु व्हावयाचें, त्यांस देशांत शिक्षण मिळण्याची सोय उरली नाहीं. म्हणून १५६८ सालीं विल्यम ॲलन यांनीं समुद्रापलीकडे दुए या गांवीं इंग्रज विद्यार्थ्यांसाठीं विद्यालय काढिलें.

शेजारच्या आयर्लंडचीही हीच दशा होती. तेथें बहुतेक प्रजा कॅथोलिक, आणि सत्ता इंग्रजांची. आयरिश तरुणांसाठीं १५९२ सालीं स्पेनमध्यें सालामांका येथें विद्यालय निघालें. १६०७ सालीं लूव्हें येथें आयरिश फ्रान्सिस्कन संन्याशांचा मठ उभा राहिला. आणि त्याच सालीं अल्स्टर प्रांताचे सरदार आपलीं माणसें घेऊन जहाजांत बसले, ते जन्मभूमीस कायमचे अंतरले. पुढें अडीचशें वर्षांनीं, १८४५ ते १८५२ या काळांत, बटाट्यावर रोग पडून त्या बेटावर भयंकर दुष्काळ आला. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं आणि त्याहून अधिक माणसांनीं देश सोडला. न्यूयॉर्क व बोस्टन या शहरांच्या गलिच्छ वस्तींत हे लोक उतरले, त्यांना काम देण्यास कित्येक मालक तयार नसत; तरी त्यांनीं आपल्या तुटपुंज्या मजुरींतून पैसा काढून चर्चें आणि शाळा बांधिल्या. न्यूयॉर्क येथील संत पॅट्रिकचें भव्य महामंदिर १८५८ सालीं आरंभिलें गेलें आणि १८७९ सालीं उपासनेसाठीं उघडलें, त्यांत या गरीब मजुरांचा व मोलकरणींचा पैसा आहे. परदेशीं त्यांना आधार मिळाला तो धर्मग्रामाचा. एक मात्र खरें, कीं त्यांच्या पुढच्या पिढ्यांपैकीं बहुतेकांची आयरिश भाषा सुटली. घर सोडणाऱ्यास काय टिकवितां येतें आणि काय गमवावें लागतें, हें या कहाणींत दिसतें. भाषेचा हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल.

मित्राची ताटातूट

तरुण स्टीफन्स यांस थॉमस पाउंड नांवाचा एक मित्र लाभला. पाउंड हे वयानें वडील व घराण्यानें श्रीमंत. एकेकाळीं ते राणीच्या दरबारांत वावरत. त्यांच्याविषयीं अशी आख्यायिका सांगतात, कीं एका नाताळच्या उत्सवांत नृत्य करितांना ते राणीपुढें घसरून पडले, आणि तिनें केलेल्या उपहासानें त्यांचें मन दरबारावरून कायमचें उडालें. पुढें ते पूर्वजांच्या धर्माकडे वळले व येशूसंघांत शिरण्याची इच्छा धरून राहिले. स्टीफन्स त्यांच्याबरोबर राहूं लागले. लोकांच्या डोळ्यांवर येऊं नये म्हणून ते पाउंड यांचे नोकर असल्याचा वेष घेत, आणि दोघे गुप्तपणें कॅथोलिक कुटुंबांस भेटी देत हिंडत.

दोघांनीं रोमला जाण्याचें ठरविलें. पण निघण्यापूर्वींच पाउंड यांस अटक झाली. पुढें एका तुरुंगांतून दुसऱ्या तुरुंगांत असें करीत त्यांचीं आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें बंदिवासांत गेलीं. स्टीफन्स एकटेच निघाले. जो मागें राहिला तो कैदी झाला, आणि जो निसटला तो परदेशी झाला. रोम येथें पोंचल्यावर २० ऑक्टोबर १५७५ रोजीं, संत आंद्रेया येथील नवशिक्यांच्या मठांत, स्टीफन्स यांस येशूसंघांत घेण्यांत आलें. मागें राहिलेल्या मित्राचा त्यांस विसर पडला नाहीं. पाउंड यांसही संघांत घ्यावें म्हणून त्यांनीं वरिष्ठांकडे अर्ज केला, आणि १५७८ सालीं पाउंड यांस तुरुंगांतच संघाचे सभासद म्हणून मान्यता मिळाली.

रोमला शिकणाऱ्या इंग्रज येशूसंघीयांपुढें दोन वाटा होत्या. एक वाट गुप्तपणें इंग्लंडला परत जाण्याची. एडमंड कॅंपियन त्या वाटेनें गेले आणि १ डिसेंबर १५८१ रोजीं लंडनच्या टायबर्न येथें त्यांस फांशीं देण्यांत आलें. दुसरी वाट दूर पूर्वेकडे जाण्याची. फ्रान्सिस झेवियर यांच्या कार्याची कीर्ति त्या वेळीं सर्व युरोपभर पसरली होती. स्टीफन्स यांनीं हिंदुस्थानची वाट धरिली. त्या वाटेनें जाणारा परत येत नसे.

सहा महिन्यांचा समुद्र

४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून गोव्याकडे जहाजें निघालीं, त्यांपैकीं एकांत स्टीफन्स होते. हा प्रवास म्हणजे त्या काळीं जीव मुठींत धरून करण्याचा होता. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडे, उष्मा असह्य होई आणि जहाजें दिवसचे दिवस एका जागीं तरंगत राहत. २९ जुलैच्या सुमारास त्यांनीं आफ्रिकेचें दक्षिण टोंक गांठलें. ताजें अन्न नसल्यानें हिरड्या सुजणें, अंग फुटणें हे रोग सुरू झाले. त्यांच्या जहाजावर सुमारें दीडशें माणसें आजारी पडलीं आणि त्यांतील सत्तावीस दगावलीं. आणि हा तोटा त्या मानानें थोडाच समजला गेला! २४ ऑक्टोबर रोजीं जहाज गोव्यास लागलें.

उतरल्यावर पंधरा-वीस दिवसांतच, १० नोव्हेंबर रोजीं, त्यांनीं लंडनला वडिलांस सविस्तर पत्र लिहिलें. वारे, प्रवाह, समुद्रपक्षी, मासे, आणि जमीन जवळ आल्याच्या खुणा यांचें तें बारकाईनें केलेलें वर्णन आहे. घरापासून दुरावलेल्या मुलानें बापाची काळजी दूर करण्यासाठीं लिहिलेलें तें पत्र पुढें १५८९ सालीं रिचर्ड हॅक्लूट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहांत छापलें गेलें. हिंदुस्थानांत येऊन स्थायिक झालेले पहिले इंग्रज म्हणून इतिहासांत नोंद आहे ती यांचीच.

दोन प्रकारचे इंग्रज

चार वर्षांनीं एक प्रसंग घडला, तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे. १५८३ सालीं जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी नांवाचे चार इंग्रज व्यापाराच्या शोधांत खुष्कीच्या वाटेनें निघाले. होर्मुझ येथें पोर्तुगीजांनीं त्यांस हेर समजून पकडिलें आणि गोव्याच्या तुरुंगांत आणून टाकिलें. ज्या राणीच्या कायद्यांनीं स्टीफन्स यांस देशाबाहेर घालविलें, तिचेच हे प्रजाजन. परंतु स्टीफन्स त्यांच्या मदतीस धांवले. खटपट करून त्यांनीं जामीन मिळविला, आणि नाताळच्या सुमारास ते कैदी मोकळे झाले. त्यांतील स्टोरी हा चित्रकार होता. त्यानें कांहीं काळ येशूसंघीयांच्या मठांत चित्रें काढण्याचें काम केलें. बाकीचे पुढच्या वर्षीं गुपचूप गोव्याबाहेर निसटले.

फिच हा पुढें उत्तर हिंदुस्थान, बंगाल व ब्रह्मदेश पाहून १५९१ सालीं लंडनला परतला, आणि १६०० सालीं जी ईस्ट इंडिया कंपनी निघाली तिच्या चालकांनीं त्याच्या माहितीचा उपयोग करून घेतला. एकाच देशाचे हे दोघे, एकाच वर्षीं एकाच नगरांत होते. एकानें येथल्या मालाची माहिती घेतली आणि तो परत गेला. दुसऱ्यानें येथल्या माणसांची भाषा घेतली आणि तो येथेंच राहिला.

साष्टींतील वास्तव्य

स्टीफन्स यांचें बहुतेक आयुष्य साष्टी महालांत गेलें. ही ठाण्याजवळची आपली साष्टी नव्हे. गोव्याच्या दक्षिणेस मडगांव व राशोल यांच्या आसपासचा महाल, त्याचेंही नांव साष्टी. तेथें ते गांवोगांव फिरून धर्मशिक्षण देत, पापनिवेदन ऐकत, आजाऱ्यांस भेटत. मडगांवच्या विद्यालयाचे ते रेक्टरही होते.

हा काळ कसा होता, हें सांगितल्यावांचून चरित्र प्रामाणिक होणार नाहीं. साष्टींत पोर्तुगीज सरकारनें हिंदूंचीं देवळें पाडिलीं होतीं, त्यांच्या पोथ्यांवर व उत्सवांवर बंदी घातली होती, आणि १५६० सालापासून गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें होतें. १५८३ सालच्या जुलैंत कुंकळ्ळी गांवीं संतप्त जमावानें फादर रुडाल्फ आक्वाव्हिवा यांच्यासह पांच येशूसंघीयांस व त्यांच्याबरोबरच्या कित्येक ख्रिस्ती लोकांस ठार मारिलें. हे पांचही जण १८९३ सालीं धन्यवादित म्हणून घोषित झाले. परंतु त्यानंतर पोर्तुगीजांनीं कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांतील प्रमुखांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळणें येथील किल्ल्यांत बोलाविलें आणि त्यांतील बहुतेकांस मारून टाकिलें, हेंही तितकेंच खरें आहे. स्वदेशीं ज्या जातीचा जुलूम स्टीफन्स यांनीं सोसला, त्याच जातीचा जुलूम येथें त्यांच्या आश्रयदात्या राजसत्तेकडून दुसऱ्यांवर होत होता. ते त्या सत्तेच्या छत्राखालींच राहिले, आणि हा काळिमा त्या काळच्या कार्यावरून पुसतां येत नाहीं. मात्र त्यांनीं स्वतः जो मार्ग धरिला तो लोकांच्या मनापर्यंत त्यांच्याच वाणीनें जाण्याचा होता.

त्यासाठीं ते प्रथम विद्यार्थी झाले. लोक घरींदारीं बोलत ती कोंकणी त्यांनीं शिकून घेतली, आणि लोक पोथींत वाचीत व कीर्तनांत ऐकत ती मराठीही आत्मसात् केली. पॅरिस येथें असलेल्या आपल्या भावास, रिचर्ड यांस, त्यांनीं २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं एक पत्र लिहिलें. या देशांतील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, ही गोष्ट त्यांनीं त्यांत नमूद केली आहे. सर विल्यम जोन्स यांनीं हाच विचार १७८६ सालीं कलकत्त्यास मांडला आणि त्यावर एक शास्त्र उभें राहिलें. साष्टीच्या पाद्रीबाबांच्या ध्यानांत तो दोनशें वर्षें आधींच आला होता.

ख्रिस्तपुराण

नवख्रिस्ती लोकांची एक तक्रार होती, आणि ती खरी होती. पूर्वीं त्यांच्या घरीं पुराणें वाचलीं जात. देवाच्या कथा ऐकतां ऐकतां मुलें मोठीं होत, बायामाणसें दळतां-कांडतां ओंव्या म्हणत. धर्म बदलला, पोथ्या गेल्या, आणि त्यांच्या जागीं पाठ करावयाचीं प्रश्नोत्तरें तेवढीं आलीं. जुनें सुटलें आणि नव्यांत जीव रमेना, अशी त्यांची स्थिति झाली. स्वतः देशोधडीस लागलेल्या स्टीफन्स यांस ही उणीव बरोबर समजली असली पाहिजे. हे लोक गांव न सोडतांच परके झाले होते.

म्हणून त्यांनीं पुराणच रचावयास घेतलें, आणि त्याची मांडणीही या तक्रारीवरच केली. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वेळीं एक ब्राह्मण श्रोता उठून पाद्री गुरूंस विनंति करितो, कीं आम्हांस वाचावयास पुराणासारखें कांहीं द्यावें. आणि गुरु कथा सांगावयास लागतात. श्रोते मधून मधून शंका विचारतात, गुरु उत्तर देतात. आपल्याकडील पुराणांची हीच रीत. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वरु म्हणजे अध्याय असून त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे; दुसऱ्यांत ५९ अवस्वरु असून त्यांत प्रभु येशूचें जन्म, कार्य, दुःखसहन, मरण, पुनरुत्थान व स्वर्गारोहण वर्णिलें आहे. १९०७ च्या मुद्रित प्रतीप्रमाणें सर्व मिळून ओंव्यांची संख्या १०,९६२ भरते.

छंद ओंवीचा, म्हणजे ज्ञानेश्वरांचा व एकनाथांचा. एकनाथमहाराज १५९९ सालीं समाधिस्थ झाले. म्हणजे पैठणास नाथ आणि साष्टींत स्टीफन्स हे एकाच काळीं एकाच भाषेंत लिहीत होते. स्वर्गास स्टीफन्स यांनीं वैकुंठ म्हटलें, उपदेशकास गुरु म्हटलें. लोकांच्या ओळखीचे शब्द उचलून त्यांत नवा अर्थ भरिला. ग्रंथारंभीं त्यांनीं मराठी भाषेची जी स्तुति केली आहे, ती शाळेंतून शिकलेल्या कित्येकांस आजही पाठ असते. रत्नें, फुलें, सुगंध, पक्षी अशा प्रत्येक वर्गांतील उत्तम वस्तु शोधून काढून त्यांनीं मराठीस त्या त्या वस्तूची जोड दिली आहे. मराठी मातेच्या मांडीवर वाढलेल्यांपैकींही थोड्यांनींच तिचें इतकें कौतुक केलें असेल.

ग्रंथ देवनागरी लिपींत छापावा, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. ५ डिसेंबर १६०८ रोजीं त्यांनीं रोमला संघाचे मुख्याधिपति क्लाउदियो आक्वाव्हिवा यांस पत्र लिहून येथील अक्षरांत ग्रंथ छापण्याची सोय व्हावी अशी विनंति केली. गोव्यांत छापखाना १५५६ सालींच आला होता, हिंदुस्थानांतील तो पहिला. परंतु जोडाक्षरें व काना-मात्रा यांमुळें आपल्या लिपीसाठीं शेंकडों खिळे ओतावे लागत, आणि तेवढा खर्च व कसब त्या वेळीं जुळून आलें नाहीं. अखेर १६१६ सालीं राशोल येथें ग्रंथ रोमन लिपींत छापून बाहेर पडला. कर्त्याचें वय त्या वेळीं सुमारें सदुसष्ट वर्षांचें होतें. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या.

पुराणाखेरीज त्यांनीं कोंकणींत ख्रिस्ती धर्मशिक्षणाचें पुस्तक लिहिलें, तें १६२२ सालीं छापलें. आणि कोंकणी भाषेचें व्याकरण लिहिलें, तें फादर दियोगो रिबेरो यांनीं वाढवून १६४० सालीं प्रसिद्ध केलें. कोंकणीचें छापील असें हें पहिलेंच व्याकरण. हीं दोन्ही पुस्तकें कर्त्याच्या पश्चात् निघालीं. १६१९ सालीं, वयाच्या सुमारें सत्तराव्या वर्षीं, फादर स्टीफन्स यांनीं गोव्यांत देह ठेविला. देश सोडल्यास चव्वेचाळीसाहून अधिक वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि त्यांतील चाळीस हिंदुस्थानांत गेलीं. ते पुन्हा कधीं इंग्लंडला गेले नाहींत.

पुराण परदेशीं निघतें

येथें चरित्र संपावयाचें. पण या माणसाच्या बाबतींत त्याची उत्तम हकीगत मरणानंतर घडली.

ज्या लोकभाषेची स्टीफन्स यांनीं सेवा केली, तिच्यावरच पुढें सरकारची गदा आली. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉयनें हुकूम काढिला, कीं गोव्यांतील लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलूं लागावें. माणसांची जीभ हुकुमानें बदलत नाहीं, म्हणून कोंकणी जगली. पण पुस्तकांची वाताहत झाली. पुराणाच्या ज्या तीन आवृत्त्या छापल्या गेल्या, त्यांतील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं.

मग पुराण वांचलें कसें? तें घर सोडून गेलेल्या माणसांनीं वांचविलें. सतराव्या व अठराव्या शतकांत गोव्यांतील ख्रिस्ती कुटुंबें मोठ्या संख्येनें दक्षिणेस कानडा प्रांतांत गेलीं. कोणास करांचा भार सोसवेना, कोणास दुष्काळ व रोगराईनें बाहेर काढिलें, कोणास इन्क्विझिशनचें भय होतें, कोणास लढायांचें. केळदीच्या नायकांस पडीक जमीन लागवडीस आणणारे कसबी शेतकरी हवे होते. त्यांनीं या लोकांस जमिनी देऊन वसविलें. या लोकांनीं गाठोड्यांत बांधून जें नेलें, त्यांत हातानें उतरून घेतलेलीं ख्रिस्तपुराणाचीं बाडें होतीं. १७८४ सालीं टिपू सुलतानानें त्यांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. हजारों वाटेंत व कैदेंत मेले. १७९९ सालीं उरलेले परत आले आणि त्यांनीं पुन्हा शून्यांतून घरें उभीं केलीं. एवढ्या हालअपेष्टांतूनही पुराणाच्या प्रती टिकल्या, आणि मंगळुराकडील ख्रिस्ती घरांत व चर्चांत पुराण गाण्याची चाल विसाव्या शतकापर्यंत चालत आली. जी मराठी त्यांची रोजची बोली नव्हती, ती त्यांनीं पुराणासाठीं सांभाळिली.

या हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनीं मोठ्या परिश्रमानें १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ पुन्हा छापला. तोही रोमन लिपींत. १९२५ सालीं जस्टिन ॲबट यांस लंडन येथील मार्सडेन संग्रहांत पुराणाचें देवनागरी हस्तलिखित आढळलें. आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून सबंध पुराण देवनागरींत प्रसिद्ध केलें. १६०८ सालीं वृद्ध पाद्रीबाबांनीं जी विनंति केली होती, ती ३४८ वर्षांनीं अशी पूर्ण झाली. गोव्यांत पर्वरी येथें कोंकणी भाषेच्या अभ्यासासाठीं येशूसंघीयांनीं काढलेलें केंद्र त्यांच्याच नांवानें चालतें.

उपसंहार

प्रिय बंधुभगिनींनो, परदेशीं जाणाऱ्या माणसाविषयीं आपण पुष्कळदां एवढेंच विचारतों, कीं त्यानें किती मिळविलें. फादर स्टीफन्स यांच्या चरित्रावरून दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो : त्यानें त्या मुलखास काय दिलें? त्यांच्यापाशीं धन नव्हतें, फौज नव्हती. आणि ज्या सत्तेच्या आश्रयानें ते आले, ती सत्ता आज उरलेली नाहीं. १९६१ सालीं ती गोव्यांतून गेली. त्यांनीं लोकांच्या भाषेंत रचिलेल्या ओंव्या मात्र राहिल्या, कारण लोकांनीं त्या आपल्या मानिल्या.

आपल्या धर्मग्रामांत अनेक मुलखांचे लोक एका वेदीभोंवतीं जमतात. जे पुढें आले त्यांनीं या खाडीकांठच्या लोकांची बोली कान देऊन ऐकावी, त्यांच्या गेलेल्या शेतांची व मिठागरांची कथा विचारून घ्यावी. जे मूळचे येथले, त्यांनीं नवागतांस परके म्हणूं नये. त्यांच्याही गाठोड्यांत एखादें पुराण असूं शकेल. आणि आपण सर्वांनीं आपल्या मुलांस आपापली मायबोली व या भूमीची मराठी या दोन्ही शिकवाव्या. आयरिश मजुरांनीं परक्या शहरीं चर्चें बांधिलीं, पण भाषा त्यांच्या हातून निसटली. मंगळुराच्या कुटुंबांनीं सर्वस्व गमावलें, पण ओंव्या सोडिल्या नाहींत. आपल्यापुढें दोन्ही उदाहरणें आहेत.

ज्या दयाळु पित्यानें अब्राहामास आपला देश सोडून निघावयास सांगितलें आणि वाटेंत त्याची संगत सोडिली नाहीं, तो पिता फादर थॉमस स्टीफन्स यांच्या आत्म्यास चिरशांति देवो, आणि आपल्या या धर्मग्रामास सर्व आलेल्यांचें व सर्व राहिलेल्यांचें एकच घर करो. आमेन.